ओट्याला कोणता दगड? बडोद्याच्या घरचा ग्रुप

वहिनी: आत्या, दांडिया बाजारच्या घराचा ओटा या महिन्यात करून घेतोय. जुना कडप्पा काढायचाय. माझ्या मनात पांढरा क्वार्ट्झ भरलाय, हे म्हणतात काळा ग्रॅनाइट घे. तुम्ही काय सांगाल?

दादा: काळ्यावर डाग दिसत नाहीत. बाकी मला काही कळत नाही.

ताई: वहिनी, आधी माझं ऐक. पुण्याच्या घरी आम्ही पांढरा क्वार्ट्झच घेतला होता. दिवाळीत चकल्या तळून झाल्यावर गरम कढई उतरवून तशीच ओट्यावर टेकवली. तिथे पिवळट गोल उमटला तो आजतागायत आहे. सोडा लावला, लिक्विड लावलं, काही उपयोग नाही.

आत्या: निघायचा नाही गं तो. क्वार्ट्झची लादी म्हणजे दगडाचा चुरा रेझिनमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकमध्ये, घट्ट दाबून केलेली. दगड नव्वद टक्क्यांच्या आसपास, बाकी रेझिन. कढईचं दगडाला काही वाटत नाही, रेझिन करपतं. आपल्याकडे रोज फोडण्या होतात, कुकर उचलून बाजूला ठेवले जातात. मी तरी क्वार्ट्झ घेणार नाही.

काका: ग्रॅनाइटमधून रेडिएशन येतं असा मेसेज फिरतोय. खरं का?

आत्या: ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम अगदी किंचित असतं, तेवढं खरं. पण घराखालच्या जमिनीतून जो रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू येतो त्याच्यापुढे ओट्यातून येणारा सहसा फारच कमी. आपल्या स्वयंपाकघराला दोन खिडक्या आहेत. घाबरू नकोस आणि तो मेसेज पुढे पाठवू नकोस.

आई: वन्सं, पण कडप्प्याला काय झालंय? लग्न होऊन आले तेव्हापासून त्याच्यावरच पोळ्या लाटतेय.

आत्या: कडप्पा टिकाऊच आहे, पण तो चुनखडीचा दगड. सिंकशेजारी तुम्ही लिंबं पिळता, चिंच कोळता, तिथे हात फिरवून बघा. चकाकी जाऊन खरखरीत झालं असेल. आंबट पदार्थ चुनखडीला खातात, संगमरवराचंही तेच होतं. काढलेला कडप्पा टाकू मात्र नका, ओट्याखालच्या कप्प्यांना तो फार छान.

आई: आत्ताच हात लावून पाहिला. बरोबर तिथेच खडबडीत आहे, पांढुरकं पण झालंय.

आत्या: आता ग्रॅनाइटचं सांगते, सविस्तर लिहिते. बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो भूशास्त्राच्या हिशेबाने बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. ब्लॅक गॅलक्सी घ्या. आंध्रात ओंगोलजवळ चिमकुर्तीला त्याच्या खाणी आहेत. तो गॅब्रो, आणि त्यातले सोनेरी ठिपके ब्राँझाइट या खनिजाचे. एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकत असताना आम्हाला दगड बघायला पावागडला न्यायचे. तिथला काळा बेसॉल्ट आणि हा गॅब्रो एकाच घडणीचे. बेसॉल्ट जमिनीवर येऊन भराभर थंड झाला म्हणून बारीक कणांचा, गॅब्रो खोल आत सावकाश थंड झाला म्हणून दाणे डोळ्यांना दिसतात. मला हे अजूनही तितकंच सुंदर वाटतं! तेव्हा नाव चुकीचं असलं तरी ओट्याला हा दगड उत्तम. घट्ट असतो, पाणी-तेल फारसं पीत नाही. जालोरकडचा गुलाबी हा खरा ग्रॅनाइट, तोही चालेल. फिकट पांढरे बरेचसे तेल नि हळद पितात, त्यांना सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा लेप, लावत राहावं लागतं.

आत्या: रविवारी गोडाऊनला जाशील तेव्हा पर्समध्ये अर्धं लिंबू, पाण्याची बाटली, पांढरं फडकं आणि नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन जा. नमुन्याचा तुकडा बघून येऊ नकोस, जी लादी कापणार तीच तपास. पाण्याचे थेंब १५ मिनिटं राहू दे. पुसल्यावर खाली ओलसर काळपट डाग राहिला तर तो दगड पाणी पितो. लिंबाने चकाकी गेली तर तो ग्रॅनाइट म्हणून खपवलेला दुसराच काहीतरी. रिमूव्हरने फडकं काळं झालं तर रंग चढवलाय. मागे जाळी चिकटवलेली दिसली तर का लावली ते विचार, कमकुवत लादीला आधार म्हणून लावतात. जाडी फुटपट्टीने मोज, १८ मिमी तरी हवी. पसंत पडली की तिच्या मागे खडूने नाव लिहून ये.

वहिनी: सगळं घेऊन जाते 🙏

रविवार, दुपार

वहिनी: आत्या, बरं झालं तुम्ही सांगितलंत! जो काळा कुळकुळीत होता, आरशासारखा, ज्याच्यावर आम्ही दोघं भाळलो होतो, त्याच्यावर रिमूव्हरचं फडकं फिरवलं तर बोटभर काळं लागलं. माणूस म्हणाला पॉलिश आहे. मग शेजारचा स्टील ग्रे पाहिला. पाणी टाकून १५ मिनिटं तिथेच उभे राहिलो. पुसलं, काही नाही. लिंबानेही काही नाही. फडकं पांढरं. मागे जाळी नाही. तोच घेतला, खडूने आडनाव लिहिलं.

ताई: फोटो टाक ना!

आत्या: छान निवड. आता कारागिराला दोन गोष्टी सांग. सिंकच्या पुढची पट्टी निदान ३ इंच ठेव आणि खाली आधार दे, लादी तडकते ती तिथेच. जोड सिंकवर नको. आणि पुढच्या कडेला खालून बारीक खाच मारून घे, म्हणजे सांडलेलं पाणी कपाटाच्या दारांवर ओघळणार नाही.

दादा: तो म्हणतोय सगळं घरीच अंगणात कापतो, दोन तासांत होईल.

आत्या: पाणी सोडून कापणार असेल तरच. कोरडं कापू देऊ नकोस. या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. खंभातला अकीक (खड्यांचा दगड) घासणाऱ्यांच्या छातीचं या धुळीने काय झालं ते आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातलं आहे. क्वार्ट्झच्या लाद्या कापणारी तरुण मुलं सिलिकोसिसने, म्हणजे या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाने, आजारी पडायला लागली म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या लाद्यांवर बंदी घातली. कारागिराचं वय काय आहे?

दादा: असेल बावीस-तेवीस. मास्क नाही, रुमाल बांधतो.

आत्या: रुमालाने ती धूळ अडत नाही.

दादा: मास्क मी आणतो. आणि नळाला पाइप लावून कापून होईस्तोवर मीच पाणी धरून उभा राहतो.