मदत हवी आहे: मिशिगनमधली क्विन्सी तांब्याची खाण, गुडघे दुखणाऱ्या बाबांना झेपेल का?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सध्या आमच्याकडे शिकागोला आले आहेत. सप्टेंबरअखेरीस त्यांना मिशिगनच्या उत्तर टोकाला, हॅनकॉकजवळची क्विन्सी खाण दाखवायला न्यायचं ठरतंय.

बाबा परळला गिरणीत साचेखात्यात होते. ८२ च्या संपानंतर पुन्हा कामावर गेले नाहीत. त्या भागातल्या तांब्याच्या खाणकामगारांच्या १९१३ च्या संपाबद्दल मी त्यांना वाचून दाखवत होतो. मागण्या पगाराच्या आणि कामाच्या तासांच्या होत्याच, पण राग होता तो एकट्याने चालवायच्या ड्रिलवर. आधी ड्रिलवर दोघं असत, म्हणजे एकाला इजा झाली तर हाक मारायला दुसरा असे. "म्हणजे माणूस कमी केला," बाबा एवढंच म्हणाले. मग त्याच नाताळात जवळच्याच कॅल्युमेट गावातल्या इटालियन हॉलमध्ये संपकऱ्यांच्या मुलांचा कार्यक्रम चालू असताना कोणीतरी "आग" म्हणून ओरडलं. आग नव्हतीच, पण जिन्यात चेंगरून ७३ जण गेले, त्यात बहुतेक मुलं. हॉल १९८४ मध्ये पाडला, दाराची कमान तेवढी ठेवली आहे. तिथे बाबांना जायचंच आहे.

आता अडचण. खाणीत नेताना टेकडीवरून दातेरी रुळांच्या गाडीने खाली आणि मग ट्रॅक्टरच्या गाडीने आत नेतात, हे कळलं. पण आत उतरून किती चालावं लागतं? जमीन ओली, निसरडी आहे का? काठी चालते का? आत बारा महिने ६ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, तर साध्या स्वेटरवर भागेल का? नाहीच जमलं तर वरचं १९२० चं, खाणीतून दगड वर ओढणारं वाफेचं अजस्र यंत्र तरी निवांत बघता येईल ना? यंत्रापाशी बाबा तासभर सहज उभे राहतील.

आणखी एक. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे लोक बरेचदा मुकादम आणि फिनलंडहून आलेले दगडाचे डबे ढकलणारे, अशी कामाची वाटणी होती. या कामगारांच्या चाळीवजा वस्तीतली घरं अजून उभी आहेत म्हणतात. रस्त्यावरून कुठली दिसतात? बाबांना खाणीपेक्षा घरं बघायची जास्त ओढ आहे.

आई शाकाहारी आहे. कॉर्निश पेस्टी (सारण भरून भाजलेली, करंजीसारखी) तिथे सगळीकडे मिळते, पण मांसाशिवायची मिळते का?

वयस्कर माणसांना घेऊन कोणी गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. शनिवारपर्यंत हॉटेल ठरवायचं आहे, हॅनकॉकला राहावं की कॅल्युमेटला तेही सांगा.