मदत हवी आहे : मॉडेल रेल्वेच्या इंजिनाचा डिकोडर प्रोग्रॅम करायचा आहे, जेएमआरआयला पोर्टच सापडत नाही (अर्जंट)

धरमपेठचा_गार्ड
भाऊ लोक अर्जंट मदत पाहिजे. शनिवारी आमच्या अपार्टमेंटमधली पोरं माझा मॉडेल रेल्वेचा लेआउट पाहायला येऊन राहिली आणि नवीन इंजिनाच्या डिकोडरचा (इंजिनातली हुकूम ऐकणारी चिप) पत्ता अजून बदलून झाला नाही. जुनं नवं दोन्ही ३ नंबरवरच आहेत, एक चालवलं की दुसरंही पळते. लॅपटॉपवर जेएमआरआय (गाड्या चालवायचा प्रोग्रॅम) उघडतो, कनेक्शनमध्ये पोर्टची यादी पाहतो तर रिकामी. मागच्या महिन्यापर्यंत सगळं नीट चालत होतं. केबल बदलली, लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला, जेएमआरआय काढून पुन्हा टाकला. तीन दिवस झाले, डोकं फिरलं. काय करू ते लवकर सांगा.

कॉमपोर्ट_काका
अरे बाबा, कमांड स्टेशन, म्हणजे रुळातून डिकोडरला हुकूम पाठवणारं यंत्र, कोणतं ते तर सांग आधी. तोवर डिव्हाइस मॅनेजर उघड, पोर्ट्सवर क्लिक कर, पिवळं चिन्ह दिसतं का पाह. दिसलं तर ड्रायव्हर नाही. माझ्याकडे दोनदा असंच झालं होतं, ड्रायव्हर टाकल्याबरोबर कॉम ५ दिसायला लागला. आणि आर्डुइनोचा (छोटा कंट्रोलर बोर्ड) सिरियल मॉनिटर उघडा राहिला असेल तर तो बंद कर, एक पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो.

रेल्वेचा_नातू
ह्या सगळ्या भानगडीत पडूच नका दादा. डिकोडरच्या कंपनीचा स्वतःचा प्रोग्रॅमर येतो तो घ्या, यूएसबीला लावा, काम खतम. मी चार वर्षांपासून तोच वापरतो, एकदाही त्रास नाही. महाग आहे हे मान्य, पण रोजचं डोकं खाणं वाचते.

तांबडी_वायर
शनिवारच्या आत तो पार्सलने येणार आहे का? @गार्ड, तू डीसीसी-इएक्स (आर्डुइनोवर चालणारं कमांड स्टेशन) वापरतो ना, मागे फोटो टाकला होता. आर्डुइनो मेगा आणि वर मोटर शील्ड (रुळाला करंट देणारा बोर्ड). मग सांग, शील्डच्या मागचा व्हीआयएनचा ट्रेस (आर्डुइनोला वीज नेणारी तांब्याची रेघ) कापला होता का? नाही कापला तर रुळाला दिलेले १५ व्होल्ट सरळ आर्डुइनोत जातात. असा एक बोर्ड मी हातात घेऊन पाहिला आहे, चिमटीत धरवत नव्हता इतका तापला होता.

धरमपेठचा_गार्ड
हो, मेगा आणि शील्ड. ट्रेस पहिल्याच दिवशी कापला होता, बोर्ड थंड आहे, हिरवा दिवा लागून आहे. काका, डिव्हाइस मॅनेजर माझ्याकडे नाही. मी विंडोज नाही, उबंटू (लिनक्स) वापरतो.

कॉमपोर्ट_काका
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं ना बेटा! मग माझं सगळं उत्तर बाजूला ठेव. माझा सल्ला तरी हाच राहील की रेल्वेच्या कामासाठी एक जुना विंडोज लॅपटॉप वेगळा ठेवावा.

पेंग्विन_महाल
काका, विंडोजची गरज नाही, उबंटूवर जेएमआरआय मस्त चालतो, माझ्याकडे पाच वर्षांपासून चालून राहिला. @गार्ड, तुमचा मेगा ओरिजिनल आहे की क्लोन (नक्कल)? यूएसबीच्या बाजूला चिप आहे, तिच्यावर काय लिहिलं आहे ते भिंगाने वाचा. आणि गेल्या महिनाभरात उबंटू अपग्रेड केलं का?

मोतीबाग_एनजी
विषयाला सोडून लिहितो, माफ करा. ह्या धाग्यावर नागपूरचे इतके लोक दिसले म्हणून राहवलं नाही. कोणी आपली नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज करून राहिलं का? २०१५ मध्ये ती लाईन बंद झाली तेव्हापासून माझ्या मनात आहे. ७६२ मिलीमीटरचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) १:८७ च्या मॉडेलमध्ये पावणेनऊ मिलीमीटरच्या आसपास येते, म्हणजे एन गेजचे ९ मिलीमीटरचे रूळ सरळ चालतात, फक्त स्लीपर बदलायचे. मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये मी दर महिन्याला जाऊन मापं घेतो. कोणाला हवी असतील तर देतो.

तांबडी_वायर
भाऊ मापं नक्की द्या, पण वेगळा धागा काढा. इथे पोराचा शनिवार जवळ येऊन राहिला.

धरमपेठचा_गार्ड
क्लोन आहे, सीताबर्डीवरून घेतला होता. चिपवर सीएच३४०जी लिहिलं आहे. आणि हो, तीन आठवड्यांआधी उबंटू २०.०४ वरून २२.०४ केलं. त्याचा काय संबंध? जेएमआरआय तर तोच आहे.

पेंग्विन_महाल
संबंध तिथेच आहे. एक करा, टर्मिनल उघडा, यूएसबी काढून पुन्हा लावा आणि लगेच डीमेसेज (सिस्टिमच्या नोंदी) पाहा. टीटीवाय-यूएसबी-० (तुमचा पोर्ट) जोडला असं येईल आणि एका सेकंदात तोच तुटला असंही येईल. मधल्या ओळीत बीआरएलटीटीवाय हे नाव दिसलं तर चोर सापडला. तो प्रोग्रॅम अंध लोकांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी असतो आणि सीएच३४० चिपचा नंबर १ए८६:७५२३ काही ब्रेल उपकरणांशी जुळतो, म्हणून २२.०४ मध्ये तुमचा आर्डुइनो तो आपलाच समजून ताब्यात घेतो. सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय करा, केबल काढून परत लावा. घरात कोणी ब्रेल डिस्प्ले वापरत असेल तर मात्र काढू नका, मला सांगा, मग त्याच्या यूडेव्ह (उपकरण ओळखायच्या) नियमातली तेवढी एक ओळ बंद करू.
आणि तुमचा यूजर डायलआउट ग्रुपमध्ये (ज्याला पोर्ट वापरायची परवानगी असते) आहे ना? नसेल तर घाला, आणि एकदा लॉगआउट करा, नुसतं टर्मिनल बंद करून होत नाही.

रेल्वेचा_नातू
डिकोडरच बिघडला असेल तर? सीव्ही (डिकोडरची सेटिंग) ८ मध्ये ८ लिहून रिसेट मारून पाहा, माझं इंजिन असंच जिवंत झालं होतं.

तांबडी_वायर
दादा, कॉम्प्युटरला आर्डुइनोच दिसून नाही राहिला तर ते ८ डिकोडरपर्यंत जाणार कसं? आणि सगळ्या कंपन्यांचा रिसेट ८ ने होत नाही, काही सीव्ही ३० मध्ये २ मागतात. आधी वाचता आलं पाहिजे, मग लिहायचं.

धरमपेठचा_गार्ड
पेंग्विन भाऊ!!! सापडला! अगदी तीच ओळ होती, जोडला आणि लगेच तुटला. काढून टाकला, यादीत पोर्ट आला, जुनं इंजिन थ्रॉटलने चाललं. पण आता नवीन भानगड. जेएमआरआयच्या डिकोडर-प्रोमध्ये नवीन इंजिन वाचायला लावलं तर म्हणते इंजिनाकडून उत्तर नाही. हे रुळावर पळते तर आहे, मग वाचता काहून येत नाही?

तांबडी_वायर
रुळाच्या दोन वायरी शील्डच्या कोणत्या बाजूला आहेत, ए की बी?

धरमपेठचा_गार्ड
ए. बी मोकळंच आहे, आजवर कधी लागलं नाही.

तांबडी_वायर
तेच. ए म्हणजे मेन, बी म्हणजे प्रोग्रॅमिंग. मेनवर इंजिन चालते, तिथून सीव्ही लिहिताही येतो, पण वाचणं बी वर. वाचताना कमांड स्टेशन डिकोडरला प्रश्न विचारते आणि डिकोडर हो म्हणायला मोटरला क्षणभर करंट देतो, साधारण ६ मिलीसेकंद, निदान ६० मिलीअँपिअरने वाढ. बी वर तोच उसळता करंट मोजला जातो. रुळाचा एक सुटा तुकडा घे, चांगला पुसून काढ, बी ला जोड. इंजिनाची चाकंही कापडाने पूस. वाचायला लागलं की इंजिन जागच्या जागी इवलंसं हलते, तेव्हा समज जमलं.

कॉमपोर्ट_काका
आणि बेटा आता ऊन ४४ वर आहे, अडॅप्टर चादरीवर ठेवू नको. आमच्याकडे असाच एक जळला होता.

धरमपेठचा_गार्ड
सुटा तुकडा नव्हता म्हणून लेआउटच्याच वायरी ए वरून काढून बी ला लावल्या. इंजिन टुक करून हललं! पत्ता ३ वाचला, मी १२ लिहिला. पण आता १२ वर दोन्ही इंजिनं चालून राहिली आणि ३ वर एकही नाही.

पेंग्विन_महाल
जुनं इंजिन लेआउटवरच उभं होतं का?

धरमपेठचा_गार्ड
हो, यार्डात.

तांबडी_वायर
म्हणून. प्रोग्रॅमिंगच्या वेळेस पत्ता पाहिला जात नाही, त्या रुळावर जे जे डिकोडर आहे ते सगळं ऐकते. नवं उचलून कपाटात ठेव, जुन्याला ३ लिहून दे. पुढच्या वेळेस सुटा तुकडाच वापर.

धरमपेठचा_गार्ड
झालं. जुनं परत ३ वर, नवं १२ वर, आणि नव्याचा सीव्ही ८ वाचला तर १५१ (कंपनीचा नंबर) आला, डब्यावर लिहिलेली ईएसयू कंपनीच आहे म्हणजे. वायरी ए वर परत लावल्या, दोन्ही वेगवेगळी चालली. सगळ्यांचे मनापासून आभार. मोतीबाग भाऊ, तुम्ही धागा काढाल तेव्हा मला टॅग करा, आमच्या आजोबांचं गाव सौसर, ते ह्याच गाडीने जायचे, मला ९ मिलीमीटरची मापं पाहिजेत.