मदत हवी आहे: अंतराळयानातील खुनाच्या कादंबरीसाठी न्यायवैद्यक माहिती

नमस्कार. 14 ते 17 वयोगटातील वाचकांसाठी मी एक रहस्यकादंबरी लिहीत असून तिच्यातील खून मंगळाकडे निघालेल्या यानात होतो. वजनरहित अवस्थेत गरम हवा आपोआप वर जात नाही, त्यामुळे झोपण्याच्या कप्प्यातील पंखा बंद पडल्यास उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड झोपलेल्या व्यक्तीच्या चेहऱ्याभोवतीच साचतो. खुनी याचाच फायदा घेतो. मात्र केवळ एवढ्याने मृत्यू येईल, की गुदमरून जाग येईल?

दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते. पृथ्वीवर मृत्यूनंतर रक्त शरीराच्या खालच्या बाजूला उतरते आणि त्या डागांवरून मृतदेह नंतर हलवला गेला का, याचा अंदाज बांधता येतो. परंतु जिथे खालची बाजूच नाही, तिथे माझ्या सोळा वर्षांच्या नायिकेने कशाचा आधार घ्यावा? मंगळाजवळून पृथ्वीपर्यंत संदेश पोहोचायला 3 ते 22 मिनिटे लागतात, म्हणून बराचसा तपास तिला स्वतःच करावा लागणार आहे.

न्यायवैद्यक किंवा अवकाश अभियांत्रिकी क्षेत्रातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. मुलांना खोटे विज्ञान द्यायचे नाही, त्यामुळे मूळ कल्पनाच चुकीची असल्यास तेही स्पष्ट सांगावे.