ग्रंथालयाच्या प्रोजेक्टमध्ये क्लास कोणते, इनहेरिटन्स कुठे?

प्रश्न: जावा या प्रोग्रामिंग भाषेत ग्रंथालयाची प्रणाली लिहायची आहे. पुस्तक, प्रत, सभासद, विद्यार्थी, शिक्षक, परतीची तारीख ही नामं कामाच्या वर्णनातून काढली. सगळ्यांचे क्लास (एका प्रकारच्या वस्तूंचा साचा) करू का? विद्यार्थी आणि शिक्षक सभासदापासून इनहेरिट करायचे (त्याची फील्ड आणि मेथड वारशाने घ्यायच्या) ना?

उत्तर १: सगळ्यांचे नकोत. परतीची तारीख नुसती किंमत आहे. ती 'देवघेव' या क्लासचं फील्ड (त्यात साठवायची माहिती). हा क्लास तुमच्या यादीतून सुटलाय, कारण 'सभासद पुस्तक नेतो' या वाक्यात तो क्रियापदात लपतो. कोणी, कोणती प्रत, कधी नेली हे तिथेच राहील. दंड मोजायची मेथडही (ते काम करणारा कोडचा भाग) तिथेच. पुस्तक आणि प्रत मात्र वेगळे ठेवा: शीर्षक, लेखक पुस्तकात, दाखल क्रमांक प्रतीत. प्रत पुस्तकापासून इनहेरिट केलीत तर ५ प्रतींत तेच शीर्षक ५ वेळा साठेल. प्रतीत पुस्तकाचा रेफरन्स (त्याच्याकडे नेणारा दुवा) ठेवा.

उत्तर २: वरचं बरोबर. विद्यार्थ्याला ३ पुस्तकं, शिक्षकाला ५ एवढाच फरक असेल तर सबक्लास (इनहेरिट करणारा क्लास) कशाला? सभासदात 'कमालपुस्तके' हे फील्ड पुरे. शिवाय जावात ऑब्जेक्ट (क्लासच्या साच्यातून बनलेली एकेक वस्तू) एकदा तयार झालं की त्याचा क्लास बदलत नाही. विद्यार्थी पुढे तिथेच शिक्षक झाला, की नवं ऑब्जेक्ट करून जुन्या सगळ्या नोंदी त्याच्याकडे वळवत बसावं लागतं. मुदतवाढीचे नियमच मुळात वेगळे असतील, तर सबक्लास काढून तेवढी मेथड ओव्हरराइड करा, म्हणजे सबक्लासमध्ये वेगळी लिहा.