शॉर्ट स्वॉर्ड कॅम्पवर अवजार म्हणून कितपत चालते?

रानवाट_७
दोन पर्याय समोर आहेत. पहिली तलवार ग्लॅडियसच्या, म्हणजे रोमन सैनिकांच्या आखूड तलवारीच्या घाटाची, दुधारी, पातं ४५ सेंमी, जाडी ४ मिमी, स्टील १०५५ कार्बन. दुसरी एकधारी, पातं ३८ सेंमी, जाडी ५ मिमी, पण स्टीलचा उल्लेख फक्त ‘स्टेनलेस’ एवढाच. दोन्हींचं वजन ६५० ग्रॅमच्या आसपास. कामं अशी: तंबूची जागा मोकळी करणे, मनगटाएवढ्या ओल्या फांद्या छाटणे, खुंट्या तासणे आणि पेटवणासाठी लाकूड फोडणे. या चारही कामांना एकच पातं पुरेल का? आणि दोन्हींतलं कोणतं घ्यावं?

कानस_आणि_दगड
दुधारी घेऊ नका. चारपैकी दोन कामं तिथेच बाद होतात.

लाकूड फोडताना पातं ओंडक्यावर ठेवून पाठीवर मोगरीने ठोकावं लागतं. दुधारीला पाठच नसते. वरची धार मोगरीत रुतते, वळते, आणि मोगरीच्या ढलप्या उडतात त्या वेगळ्याच. खुंटी तासताना अंगठा पाठीवर टेकवून जोर द्यायचा असतो, तीही सोय नाही. शिवाय फटका गाठीवर बसून पातं उसळलं, तर उलटी येणारी बाजूही तितकीच धारदार असते. एकधारी पातं उसळलं तर निदान पाठ अंगावर येते.

आता तोलाबद्दल, कारण खरा फरक तिथे आहे. तलवारीचा तोल मुद्दाम मुठीजवळ ठेवलेला असतो, म्हणजे टोक चटकन फिरवता येतं. छाटणीच्या पात्याला उलट हवं असतं, वजन पुढे. पातं आडवं धरून एका बोटावर तोला. मुठीपासून ३-५ सेंमीवर तोललं, तर ते पातं गवत, वेली, अंगठ्याएवढ्या फांद्या सपासप कापेल, पण जाड लाकडात शिरणार नाही, मनगट मात्र दुखेल. १० सेंमीच्या पुढे तोललं, तर ते पातं कोयत्याच्या जवळ जातं. त्यामुळे दोन तलवारींचं वजन सारखं असलं तरी त्यावरून काही ठरत नाही, ते वजन कुठे आहे ते पाहा.

फटका कुठे बसवायचा तेही शोधून ठेवा. मूठ दोन बोटांत सैल धरून पातं खाली लोंबू द्या आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने पात्याच्या सपाट बाजूवर टोकापासून वरपर्यंत हलके ठोके द्या. एका जागी पात्याची थरथर जवळजवळ थांबते, बहुधा टोकापासून पाव ते एक तृतीयांश अंतरावर. फटका त्याच जागेने द्या. तिथून फार अलीकडे किंवा पलीकडे मारलं की झटका थेट हाताला बसतो आणि मुठीचे रिव्हेट हळूहळू ढिले होतात.

पोलादपाणी
तोलाशी सहमत. पण दुसऱ्या पर्यायातला ‘स्टेनलेस’ हा शब्द मला जास्त खटकतो. लांब पात्याला फटक्याखाली किंचित वाकून परत सरळ होता आलं पाहिजे. १०५५, १०६० किंवा ५१६० हे स्प्रिंगच्या जातीचं स्टील त्यासाठीच वापरतात आणि पाणी दिल्यावर ५२ ते ५६ एचआरसीवर (एचआरसी म्हणजे कडकपणा मोजण्याचं रॉकवेल माप) ठेवतात. खिशातल्या सुरीला ५८-६० चालतं, कारण तिला झटके बसत नाहीत. तोच कडकपणा ४० सेंमीच्या पात्याला दिला तर धार छान टिकते आणि एक दिवस गाठीवर पातं तुटतं. ग्रेड न सांगितलेलं स्टेनलेस असलेल्या लांब तलवारी बऱ्याचदा भिंतीवर लावण्यासाठीच बनलेल्या असतात.

पातं तुटतं ते बहुतेक वेळा मधे नव्हे, मुठीच्या तोंडाशी. टँग, म्हणजे पात्याचा मुठीत गेलेला भाग, पूर्ण रुंदीचा आणि मुठीच्या टोकापर्यंत असावा. उंदराच्या शेपटीसारखी बारीक सळई वेल्ड केलेली असेल तर ती तलवार छाटणीला लावूच नका. टँग रुंद असली तरी खांद्यापाशी, म्हणजे पातं संपून टँग सुरू होते तिथे, काटकोनी कोपरा नसावा, तिथे गोलाई हवी. काटकोनात ताण एकवटतो, केसाएवढी चीर पडते आणि दरेक फटक्यागणिक आत सरकते. पाठीवर करवतीचे दाते कोरलेले असतील तर त्यांच्या खाचांतही हेच होतं. ते दाते लाकूडही धड कापत नाहीत, कारण त्यांना करवतीसारखी आलटून-पालटून बाजूला वाकण दिलेली नसते. पातं खाचेत अडकतं.

जुनी_मूठ
इतिहासात मात्र दुधारीने ही कामं केली आहेत, एवढं नोंदवतो. अमेरिकेची १८३२ची पायदळ तोफखान्याची तलवार ग्लॅडियसच्याच वळणाची होती, १९ इंच पात्याची आणि दुधारी. लढाईपेक्षा झुडपं तोडून वाट करायलाच ती जास्त उपयोगी पडली. ज्या फ्रेंच तलवारीवरून ती घेतली, तिला सैनिक ‘कोबी कापणी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. पण तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध तेवढ्यापुरताच: तिचं काम झुडपं छाटणं होतं. लाकूड फोडायला सैन्याकडे कुऱ्हाडी होत्याच.

रानवाट_७
आभारी आहे. म्हणजे पहिल्याचं स्टील बरोबर आणि घाट चुकीचा, दुसऱ्याचा घाट बरोबर आणि स्टीलची खात्री नाही. १०५५ ची एकधारी शोधतो. धार किती अंशांची ठेवावी? मुठीतला दोर मनगटाला बांधावा का?

कानस_आणि_दगड
ओल्या झुडपांना दर बाजूला २० अंश, लाकूडही फोडणार असाल तर २५. १५ वर नेली तर पहिल्याच सुक्या गाठीवर धार वळते. कोन मोजायला यंत्र नको. पातं ४ सेंमी रुंद असेल तर दगडापासून पाठ १४ मिमी उचलली की सुमारे २० अंश होतात, १७ मिमी उचलली की २५. धारेच्या उतारावर मार्करने काळं करा, दगडाचे दोन हात मारा आणि शाई कुठली गेली ते पाहा. फक्त वरची गेली तर पाठ आणखी उचला, फक्त काठाची गेली तर उतरवा.

नवीन पात्याची धार बहुधा जाड असते. आधी २० सेंमीची एकेरी दात्यांची सपाट कानस घ्या, दात्यांत खडू घासा म्हणजे कीस अडकत नाही, आणि फक्त पुढे ढकलताना दाब द्या. मागे ओढताना दाब दिला की कानसच बोथट होते. पातं शिकंज्यात घट्ट आवळा, हातमोजे घाला. दुसऱ्या बाजूला तारेसारखी बारीक कड बोटाला लागली की बाजू बदला. मग १२० आणि ४०० ग्रिटचा दगड (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा, आकडा मोठा तितका दगड बारीक), शेवटी चामड्यावर पाठीकडून ओढून ती कड काढा. कानस थोड्या जोराने पण नीट चावली पाहिजे. काचेवरून घसरावी तशी घसरली तर पातं फार कडक आहे. लोण्यासारखी शिरली तर पाणी नीट दिलेलं नाही.

दोर मनगटात अडकवू नका. मूठ सुटली तर पातं दोराला लोंबकळत परत तुमच्याच हातावर येतं. दोर अंगठ्यावरून घेऊन पंजाच्या पाठीमागून फिरवा आणि मूठ धरा, म्हणजे हात उघडला की पातं सुटून लांब पडतं.

तंबूची_खुंटी
छाटताना ३८ सेंमीचं पातं असेल तर गुडघ्यावर बसा. उभं राहून मारलेला फटका चुकला तर तो नडगीकडे येतो, बसून चुकला तर जमिनीत जातो. हात आणि पातं मिळून जितकी लांबी होते त्याच्या दुप्पट अंतरात कोणी नको, आणि डोक्यावरच्या वेलीही आधी काढा.

मनगटाएवढी फांदी एका घावात तोडू पाहू नका. ४५ अंशांत दोन बाजूंनी घाव घालून खाच करा, तिची रुंदी फांदीच्या जाडीइतकी ठेवा. आडव्या पडलेल्या झाडाच्या फांद्या बुंध्याकडून शेंड्याकडे छाटा आणि खोड तुमच्या व फांदीच्या मधे ठेवा. फोडायचं लाकूड १० सेंमीपेक्षा जाड नको, सरळ रेषांचं आणि बिनगाठीचं हवं, आणि मोगरी मारायला टोक किमान ८-१० सेंमी बाहेर दिसलं पाहिजे. यापेक्षा जाड काही असेल तर घडीची करवत काढा. ती २०० ग्रॅमची असते आणि तिथे कुठलीही तलवार तिच्या मागेच राहते.

कार्बन स्टील चिकासकट म्यानात घालू नका, सकाळपर्यंत डाग दिसतात. पुसा, खनिज तेलाचा पातळ हात द्या. चामड्याचं म्यान ओल धरतं, घरी आल्यावर पातं त्यात ठेवूच नका. प्लास्टिकच्या म्यानाच्या तळाला भोक आहे का तेही पाहा, नाहीतर पाणी टोकाशी साचतं. आणि निघण्याआधी जिथे जाणार तिथल्या वनखात्याचे आणि शस्त्राचे नियम वाचा. दुधारी पात्याला बऱ्याच देशांत अवजार मानत नाहीत, शस्त्र मानतात.