चर्चा धागा: साथीच्या काळात रखडलेली वाहनचालन चाचणी आणि रांगेतला न्याय

सडकसखा (धागालेखक)

सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी आली की प्रथम बंद पडणाऱ्या शासकीय सेवांमध्ये वाहन चालवण्याची चाचणी असते, आणि त्यामागचे कारण उघड आहे: एकमेकांना पूर्णपणे अनोळखी असलेली दोन माणसे अर्धा-पाऊण तास एका बंद गाडीत शेजारी बसतात. त्यामुळे कोविडच्या काळात चाचण्या थांबवल्या याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती थांबलेल्या रांगेचे पुढे काय केले याबद्दल. ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्ये सर्वसामान्यांसाठी चाचण्या बंद झाल्या आणि इंग्लंडमध्ये मोटारीच्या चाचण्या २२ जुलैला पुन्हा सुरू झाल्या, परंतु लेखी चाचणी उत्तीर्ण झाल्याच्या प्रमाणपत्राची दोन वर्षांची मुदत तेथील सरकारने वाढवली नाही. चाचणी देण्याचा मार्ग सरकारनेच बंद केला होता, तरीही मुदत संपलेल्या उमेदवारांना लेखी चाचणी नव्याने द्यावी लागली. त्याच देशाचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडने मात्र ही मुदत वाढवून दिली. भारतात १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेल्या वाहनविषयक कागदपत्रांना टप्प्याटप्प्याने वाढ देत ती अखेर ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत नेण्यात आली. याचा अर्थ मुदतवाढ देणे प्रशासनाला अशक्य नव्हते.

माझे म्हणणे असे की आणीबाणीत चाचणीची रांग अर्जाच्या तारखेनुसार नव्हे, तर गरजेनुसार लावावी. रुग्णसेवेत रात्रपाळी करणाऱ्या आणि सार्वजनिक वाहतूक बंद असल्यामुळे अडकलेल्या माणसाला, केवळ हौसेसाठी परवाना काढणाऱ्याच्या आधी तारीख मिळायला हवी.

गतिरोधक

मुदतवाढीबाबत आपले म्हणणे मान्य आहे. सरळ न्यायाने पाहिले तर ती मिळायलाच हवी होती. तरीही ब्रिटनच्या निर्णयामागे अगदीच काही विचार नव्हता असे म्हणता येणार नाही. वाहतुकीच्या नियमांचे आणि धोके ओळखण्याचे ज्ञान दीर्घ खंडानंतर पुसट होते, ही चिंता खोटी नाही.

गरजेनुसार रांग लावण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. गरज ठरवणार कोण? रुग्णालयातील परिचारिका अत्यावश्यक आहे, यावर कोणाचे दुमत होणार नाही. पण त्याच रुग्णालयात जेवण पोहोचवणारा कंत्राटी कामगार, घरोघरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करणारी बाई, परवान्याच्या अटीवर नोकरी मिळालेला आणि ती गमावण्याच्या बेतात असलेला तरुण, यांचे काय? यादी लिहिण्याचा अधिकार कार्यालयाला मिळाला की ज्याच्याकडे नियोक्त्याचे पत्र आहे तो पुढे सरकतो, आणि ज्याचे काम कागदावर कुठेच नाही तो मागे राहतो. अर्जाच्या तारखेचा नियम निर्दय असेल, पण तो वशिला ओळखत नाही.

कोरडा पाऊस

आपण दोघेही रांग कशी लावावी यावर भांडत आहात. रांगच कशाला हवी, असा माझा प्रश्न आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने एप्रिल २०२० मध्ये राज्यपालांच्या आदेशाने रस्त्यावरची चाचणी माफ केली होती. शिकाऊ परवाना वर्षाहून अधिक काळ बाळगलेल्या आणि नियमभंगाची नोंद नसलेल्या उमेदवारांना थेट परवाना मिळाला, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत त्यांनी पुरेसा सराव केला असल्याची ग्वाही पालकांनी द्यायची होती. सुमारे २०,००० जणांनी याचा लाभ घेतला. विस्कॉन्सिनमध्येही अल्पवयीन चालकांसाठी पालकांच्या संमतीने अशी सवलत सुरू झाली. महिनोन्‌महिने जबाबदार चालकाच्या शेजारी बसून गाडी चालवलेल्या माणसाची अर्ध्या तासात काय परीक्षा होणार?

गतिरोधक

जॉर्जियाची गोष्ट आपण अर्ध्यावर सोडलीत. टीका होताच पुढच्याच महिन्यात नवा आदेश निघाला आणि चाचणीशिवाय परवाना मिळालेल्या सर्वांना ३० सप्टेंबर २०२० पर्यंत प्रत्यक्ष चाचणी देणे बंधनकारक झाले. म्हणजे रांग नाहीशी झाली नाही, ती फक्त पुढे ढकलली गेली, आणि मधल्या काळात अपरीक्षित चालक रस्त्यावर एकटे फिरत राहिले. एकट्याने गाडी चालवण्याचे पहिले काही महिने नवख्या चालकासाठी सर्वाधिक अपघाती असतात. रुग्णालये आधीच भरलेली असताना अपघातग्रस्तांची भर घालणे हा कोणता आरोग्यविचार? पालकांच्या ग्वाहीबद्दल न बोललेलेच बरे. आपले मूल गाडी नीट चालवत नाही असे लिहून देणारा पालक शोधून काढावा लागेल.

मोजपट्टी

या चर्चेत अंकगणित कोणीच मांडलेले नाही. ढोबळ उदाहरण घेऊ. एखाद्या केंद्रात आठवड्याला १०० चाचण्या होतात आणि तितकीच नवी मागणी येते. केंद्र १३ आठवडे बंद राहिले, तर १,३०० चाचण्या साचतात. केंद्र पूर्ववत सुरू झाले तरी ही थकबाकी एकानेही कमी होत नाही, कारण क्षमता आणि मागणी समान आहेत. क्षमता २० टक्क्यांनी वाढवली तरी थकबाकी फेडायला ६५ आठवडे लागतात. आणि साथीत गाडी पुसणे, हवा खेळती ठेवणे, दोन उमेदवारांमध्ये अंतर ठेवणे यामुळे क्षमता वाढण्याऐवजी घटते. म्हणून साथ ओसरल्यावर वर्षानुवर्षे लांबलेली प्रतीक्षा पाहून आळशी कार्यालयाला शिव्या देणे सोपे असले तरी अपुरे आहे.

यात नापासांची भर पडते. ब्रिटनमध्ये निम्म्याहून अधिक चाचण्या अनुत्तीर्ण ठरतात. म्हणजे १०० तारखा खर्ची पडल्या तरी रांगेतून जेमतेम पन्नास माणसे बाहेर पडतात आणि उरलेली पुन्हा शेवटी जाऊन उभी राहतात. त्यातच प्रतीक्षा लांबली की लोक तयारी होण्याआधीच तारीख अडवून ठेवतात, अपुऱ्या तयारीने जातात आणि नापास होतात. तारखांचा काळाबाजारही इथेच जन्माला येतो. ब्रिटनमध्ये संगणकाच्या साहाय्याने तारखा उचलून चढ्या दराने विकणारे नंतर पुष्कळ निघाले. उत्तीर्णांचे प्रमाण ५० वरून ६० टक्क्यांवर गेले, तर एकही नवा परीक्षक न नेमता रांगेतून बाहेर पडणारे पाचवा हिस्सा वाढतील. माझ्या मते खरी किल्ली येथे आहे: प्रशिक्षकाने तयारी प्रमाणित केल्याखेरीज तारीखच देऊ नये.

कोरडा पाऊस

प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र म्हणजे पैसे असलेल्यांची रांग वेगळी. घरच्या माणसाकडून शिकणाऱ्याने काय करायचे? शिवाय टाळेबंदीत वेगळ्या कुटुंबातील व्यक्तीसोबत गाडीत बसायलाच बंदी असेल, तर तो प्रशिक्षक तयारी पाहणार तरी कशी?

सडकसखा (धागालेखक)

‘मोजपट्टी’ यांचे गणित बिनतोड आहे, पण तेच माझ्या बाजूने बोलते. थकबाकी वर्षभर फिटणार नसेल, तर त्या वर्षात कोणाला थांबवायचे हा निर्णय टळत नाही. तारखेचा नियम लावला तरी तो निर्णयच असतो. ब्रिटनने पहिल्या टाळेबंदीत निकडीच्या सेवकांसाठी चाचण्या चालू ठेवल्या होत्या, आणि आयर्लंडने कडक निर्बंधांच्या काळात त्या अत्यावश्यक कामगारांपुरत्याच ठेवल्या. यादीबाहेरच्या कंत्राटी कामगाराबद्दल ‘गतिरोधक’ यांनी घेतलेला आक्षेप रास्त आहे, आणि त्यावर उपाय असा की सगळ्या तारखा गरजेसाठी न राखता ठरावीक वाटाच राखावा, आणि गरज पदनामावरून न ठरवता कामाची वेळ आणि पर्यायी वाहनाची उपलब्धता यांवरून ठरवावी. खोट्या माहितीबद्दल परवाना रद्द करण्याची तरतूद ठेवली की पत्रांचा बाजार बराच आटोक्यात येईल.

गतिरोधक

ठरावीक वाटा असेल, तर माझा विरोध निम्म्यावर येतो. तो वाटा किती, हे साथ येण्याआधी जाहीर झालेले असावे. साथीच्या मध्यावर ठरवलेल्या टक्केवारीवर मी विश्वास ठेवणार नाही.