घरपट्टी न वाढवणे म्हणजेच जबाबदार अर्थसंकल्प का?

धागाकर्ता
घरपट्टीचा दर वर्षानुवर्षे गोठवून ठेवणारे शहरच आर्थिकदृष्ट्या जबाबदार, असे कालच्या लेखात ठामपणे मांडले आहे. मात्र जुन्या जलवाहिन्यांचा, पुलांचा किंवा निवृत्तिवेतनाच्या देण्यांचा त्यात साधा उल्लेखही नाही. दर गोठला म्हणून खर्च गोठत नाही, तो पुढच्या पिढीच्या माथी जातो. न्यूयॉर्कने १९७५ पूर्वी दैनंदिन खर्चाचा काही भाग भांडवली खात्यात (म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या बांधकामांच्या खर्चात) दाखवला, उरलेली तूट अल्पमुदतीच्या कर्जाने भागवली, आणि कर्जरोखे कोणी घेईनासे झाले तेव्हा शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले.

करदाता
आपले उदाहरण आपल्याच विरोधात जाते. न्यूयॉर्कमध्ये कर कमी नव्हते. १९६६ पासून तेथे शहराचा स्वतंत्र प्राप्तिकरही होता. डेट्रॉइटने करांचे दर चढे ठेवले, रहिवासी निघून गेले, आणि २०१३ मध्ये सुमारे १,८०० कोटी डॉलरच्या देण्यांसह त्या शहराने दिवाळखोरी जाहीर केली. तिजोरीत पैसा दिसला की खर्चाला वाटा फुटतात. माझ्या आईचे उत्पन्न निवृत्तिवेतनापुरते. फेरमूल्यांकनात तिच्या घराची किंमत कागदावर वाढली आणि कर वाढला, उत्पन्नात मात्र एक पैसाही भर पडली नाही. कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये घरपट्टीवर मर्यादा घालणारा 'प्रस्ताव १३' मंजूर केला तो अशाच लोकांसाठी.

नवी घरमालक
त्या प्रस्तावाचे गोडवे ऐकून मला संताप येतो. कराची मर्यादा मूल्याच्या १ टक्का, मूल्यातील वार्षिक वाढ कमाल २ टक्के, आणि बाजारभावाने फेरमूल्यांकन मालकी बदलल्यावर किंवा नवे बांधकाम झाल्यावरच! परिणामी शेजारशेजारच्या सारख्याच घरांवर कित्येक पटींनी वेगळा कर बसतो. आमच्याकडेही जुन्या घरांचे मूल्यांकन रखडले आहे. त्याच रस्त्यावरून जाणारा, तेच पाणी वापरणारा माझा शेजारी माझ्यापेक्षा कितीतरी कमी कर भरतो. हा भेद आपल्याला दिसत नाही का?

करदाता
दिसतो. परंतु अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ही पद्धत वैध ठरवली आहे. खरेदी करताना आपल्याला कर ठाऊक होता. माझ्या आईला पुढचा कर ठाऊक नव्हता.

नवी घरमालक
वैध म्हणजे न्याय्य नव्हे! ती सवलत व्यापारी मालमत्तांनाही मिळते. २०२० मध्ये मोठ्या व्यापारी मालमत्तांपुरती ती काढण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. एखाद्या वृद्धेचे नाव पुढे करून गोदामांच्या मालकांना सांभाळू नका.

करदाता
माझ्या आईला या वादात ढाल म्हणवून घेणे मी सहन करणार नाही. व्यापारी मालमत्तांबाबतचा आपला मुद्दा मात्र, नाइलाजाने का होईना, मला मान्य करावा लागतो.

हिशेब तपासणारा
नगर लेखा विभागात नोकरी केली म्हणून लिहितो. दर कमी की जास्त, याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे : पगार आणि देखभाल यांसारखा दरवर्षीचा खर्च दरवर्षीच्या उत्पन्नातून भागतो का? आमच्याकडे जमीन विकून आलेली एकरकमी रक्कम पगारात खर्ची पडली आणि अर्थसंकल्प 'करवाढ नाही' म्हणून गाजला. त्यावर मी लेखी आक्षेप नोंदवला. तो कोणी वाचला नाही, याचा राग अजून आहे. उत्पन्न कमी असलेल्या वृद्धांसाठी दर पाडण्याची गरज नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ५५ किंवा अधिक वर्षांच्या पात्र घरमालकांना कर पुढे ढकलता येतो आणि घर विकताना तो व्याजासह वसूल होतो.

करदाता
ही सोय असेल, तर माझा निम्मा विरोध मावळतो. उरलेला निम्मा कायम राहील : दरवाढ मागणाऱ्या प्रत्येक शहराने आधी आपल्या जलवाहिन्यांची, इमारतींची आणि देण्यांची यादी खर्चासह प्रसिद्ध करावी.

धागाकर्ता
या अटीला माझी हरकत नाही. मात्र दर गोठवणाऱ्या शहरालाही तीच अट लागू असली पाहिजे.